अमेरिकी तंत्रज्ञान कंपनीचा वार्षिक अहवाल कसा वाचावा

पुण्यात हिंजवडी किंवा बाणेर भागातील अमेरिकी कंपन्यांच्या कार्यालयांत काम करणाऱ्या अनेकांना पगारासोबत आपल्या कंपनीचे समभाग मिळतात, आणि ज्यांना ते मिळत नाहीत तेही आता भारतात बसून ॲपल, मायक्रोसॉफ्ट किंवा चिपच्या धंद्यातील एनव्हिडियाचे समभाग विकत घेऊ शकतात. मात्र यांतील बहुतेकांचा त्या कंपनीशी संबंध बातमीच्या मथळ्यापुरताच येतो: तिमाही नफा इतका वाढला, भाव इतका उतरला. ज्या दस्तऐवजावरून ती बातमी तयार होते तो कोणालाही घरबसल्या फुकट मिळतो आणि मथळ्यात न मावणारे बरेच काही त्यात लिहिलेले असते. तो कोठून मिळवावा, कोणत्या क्रमाने वाचावा आणि कोणत्या आकड्यापाशी थांबून शंका घ्यावी, हे या लेखात सांगितले आहे. कोणता समभाग घ्यावा हे मात्र सांगितलेले नाही.

अमेरिकेतील भांडवल बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन, अर्थात एसईसी. तिच्या ‘एडगर’ या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की तिने सादर केलेली सर्व कागदपत्रे तारखेनुसार दिसतात. त्यांतील तीन कागद ओळखता आले तरी सुरुवातीला पुरेसे आहे. वर्षाचा लेखापरीक्षित अहवाल ‘१०-के’ या फॉर्मवर येतो आणि मोठ्या कंपन्यांना तो वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत द्यावा लागतो. तिमाहीचा अहवाल ‘१०-क्यू’ या फॉर्मवर येतो. आणि मध्येच काही महत्त्वाचे घडले तर कामकाजाच्या चार दिवसांत ‘८-के’ सादर करावा लागतो. तैवानची टीएसएमसी किंवा आपली इन्फोसिस यांच्यासारख्या, अमेरिकेत नोंदलेल्या पण मूळच्या बाहेरच्या कंपन्यांचा वार्षिक अहवाल ‘२०-एफ’ या फॉर्मवर असतो. भागधारकांसाठी काढलेली चकचकीत पुस्तिका आणि अध्यक्षांचे पत्र मी सर्वांत शेवटी वाचतो, कारण ते आधी वाचले की पुढचे आकडे त्याच नजरेने दिसू लागतात.

अहवाल उघडल्यावर पहिली गोष्ट पाहावी ती वर्ष केव्हा संपते ही. गूगलची मालक अल्फाबेट, ॲमेझॉन आणि फेसबुकची मालक मेटा यांचे वर्ष ३१ डिसेंबरला संपते, मायक्रोसॉफ्टचे ३० जूनला, ओरॅकलचे ३१ मे रोजी, ॲपलचे सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आणि एनव्हिडियाचे जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे एनव्हिडियाचे ‘वित्तीय वर्ष २०२५’ हे २६ जानेवारी २०२५ रोजी संपले, म्हणजे ते जवळजवळ पूर्णपणे २०२४ सालातलेच होते. दोन कंपन्यांचे ‘२०२५’ शेजारी ठेवून तुलना करणारे तक्ते समाजमाध्यमांवर पुष्कळ फिरतात. त्यांतील कित्येक या एकाच कारणाने निरुपयोगी असतात, आणि सुरुवातीच्या काळात मीही असा एक तक्ता मोठ्या उत्साहाने तयार केला होता. शनिवार-रविवारच्या या हिशेबामुळे अधूनमधून एखादे वर्ष ५३ आठवड्यांचेही येते. ॲपलचे २०२३ चे वर्ष तसे होते, म्हणून २०२४ ची वाढ मोजताना आधीच्या वर्षात एक आठवडा जास्त होता हे लक्षात घ्यावे लागते.

यानंतर थेट आर्थिक पत्रकांमागे जोडलेल्या टिपांपैकी विभागवार आकड्यांच्या टिपेकडे जावे. कंपनी ज्या नावाने ओळखली जाते त्या धंद्यातूनच ती पैसे कमावते असे गृहीत धरता येत नाही. ॲमेझॉनची २०२४ मधील एकूण विक्री ६३८ अब्ज डॉलर होती. त्यात संगणकीय सेवा भाड्याने देणाऱ्या एडब्ल्यूएस विभागाचा वाटा १०७.६ अब्ज, म्हणजे जेमतेम १७ टक्के. पण कामकाजातील नफा, म्हणजे विक्रीतून धंदा चालवण्याचा खर्च वजा करून उरणारी रक्कम, पाहिला तर एकूण ६८.६ अब्जांपैकी ३९.८ अब्ज डॉलर, म्हणजे जवळपास ५८ टक्के, याच विभागाचे होते. घरी येणाऱ्या खोक्यांवरून ॲमेझॉनविषयी मत बनवणारा गुंतवणूकदार निम्म्याहून अधिक नफ्याकडे पाहतच नसतो. ॲपलमध्येही असेच आहे: २०२४ च्या वर्षात वस्तूंच्या विक्रीवर ढोबळ नफ्याचे (विक्रीतून केवळ त्या वस्तूचा किंवा सेवेचा थेट खर्च वजा करून उरणाऱ्या रकमेचे) प्रमाण सुमारे ३७ टक्के होते, तर सेवांवर जवळपास ७४ टक्के. आयफोनचा खप स्थिर राहूनही नफा कसा वाढू शकतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. मेटाच्या टिपेत याच्या उलट चित्र दिसते. आभासी जगाच्या उपकरणांवर काम करणाऱ्या तिच्या रिॲलिटी लॅब्स विभागाने २०२२ मध्ये १३.७ अब्ज, २०२३ मध्ये १६.१ अब्ज आणि २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला, आणि तो जाहिरातींच्या नफ्याने झाकला गेला.

निव्वळ नफ्याच्या आकड्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा असे माझे मत आहे, कारण वर्षातून एकदाच घडणाऱ्या गोष्टी त्यातच येऊन मिसळतात. ॲपलचा निव्वळ नफा २०२३ मधील ९७ अब्ज डॉलरवरून २०२४ मध्ये ९३.७ अब्जांवर घसरला, पण त्या वर्षी विक्री वाढली होती. घसरणीचे कारण आयर्लंडमधील जुना करवाद होता: १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने कंपनीविरुद्ध अंतिम निकाल दिला आणि १०.२ अब्ज डॉलरचा बोजा एकाच तिमाहीत हिशेबात घ्यावा लागला. ॲमेझॉनचे उदाहरण याहून बोलके आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनांची कंपनी रिव्हियन हिच्यात तिची मोठी भागीदारी होती. २०२१ च्या शेवटच्या तिमाहीत रिव्हियन बाजारात नोंदली गेली आणि ॲमेझॉनच्या त्या तिमाहीच्या १४.३ अब्ज डॉलरच्या निव्वळ नफ्यात ११.८ अब्ज डॉलरची करपूर्व रक्कम केवळ या भागीदारीच्या कागदोपत्री वाढलेल्या मूल्याची होती. पुढच्या वर्षी तेच मूल्य कोसळले आणि ॲमेझॉनने २.७ अब्ज डॉलरचा निव्वळ तोटा दाखवला. खोकी पोचवण्याच्या किंवा सर्व्हर चालवण्याच्या धंद्याशी या दोन्ही आकड्यांचा संबंध नव्हता. म्हणून निव्वळ नफ्याच्या दोन-तीन ओळी वर जाऊन कामकाजातील नफा वाचावा आणि मधल्या ‘इतर उत्पन्न’ नावाच्या ओळीची फोड टिपांमध्ये शोधावी.

मात्र कामकाजातील नफाही अंदाजांवर उभा असतो, आणि आजच्या घडीला त्यांतील सर्वांत वजनदार अंदाज घसाऱ्याचा, म्हणजे यंत्राची किंमत वर्षांवर वाटून दाखवलेल्या खर्चाचा, आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी डेटा सेंटर उभारण्याच्या चढाओढीत या कंपन्या यंत्रांवर जो पैसा ओतत आहेत, त्याचा भार नफा-तोटा पत्रकावर एकदम पडत नाही. यंत्र जितकी वर्षे चालेल असे कंपनी ठरवते तितक्या वर्षांत तो वाटला जातो. साधा हिशेब करून पाहावा. १२ अब्ज डॉलरचे सर्व्हर चार वर्षे चालतील असे धरले तर दरसाल ३ अब्जांचा खर्च दिसतो, आणि सहा वर्षे धरले तर २ अब्जांचा. यंत्रे तीच, खर्च झालेली रोकड तीच, तरी नफ्यात दरसाल एक अब्जाचा फरक पडतो, आणि त्यासाठी कोणालाही लबाडी करावी लागत नाही.

हे केवळ पुस्तकी उदाहरण नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या मध्यावर आणि अल्फाबेटने जानेवारी २०२३ मध्ये सर्व्हरचे आयुष्य चारवरून सहा वर्षे केले. अल्फाबेटच्या अहवालानुसार या एका बदलाने २०२३ चा घसारा ३.९ अब्ज डॉलरने कमी झाला आणि निव्वळ नफा ३ अब्जांनी वाढला. पण खरी रंगत आली ती जानेवारी २०२५ मध्ये. मेटाने आपल्या काही सर्व्हरचे व जोडणीच्या उपकरणांचे आयुष्य पाचवरून साडेपाच वर्षे केले आणि त्यामुळे वर्षाचा घसारा २.९ अब्ज डॉलरने कमी होईल असे सांगितले. त्याच महिन्यापासून ॲमेझॉनने आपल्या काही सर्व्हर व उपकरणांचे आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणले, कामकाजातील नफ्यात सुमारे ०.७ अब्ज डॉलरची घट सोसली आणि कारण दिले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील तंत्रज्ञान वेगाने बदलत असल्याचे. एकाच बाजारातून साधारण सारखीच यंत्रे घेणाऱ्या दोन कंपन्या त्यांच्या आयुष्याविषयी एकाच महिन्यात विरुद्ध दिशांना गेल्या.

यात कोण बरोबर हे ती यंत्रे भंगारात निघतील तेव्हाच कळेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात: ॲमेझॉन यंत्रे ग्राहकांना भाड्याने देते आणि ग्राहक नव्या चिपची मागणी करतो, तर मेटा जुनी यंत्रे स्वतःच्याच हलक्या कामांकडे वळवू शकते. हा अर्थात माझा तर्क आहे. वाचकाने करायचे काम एवढेच, की लेखाविषयक धोरणांच्या पहिल्या टिपेत ‘उपयुक्त आयुष्य’ हे शब्द शोधावेत, गेल्या तीन-चार वर्षांच्या अहवालांतील वर्षांचा आकडा कागदावर लिहून काढावा, आणि आयुष्य वाढवलेल्या कंपनीचा नफा न वाढवलेल्या कंपनीशी ताडून पाहताना तेवढी रक्कम वजा करावी. पाणी मुरते ते बहुधा येथेच, आणि बातमीत या टिपेचा उल्लेख क्वचितच येतो.

घसाऱ्याच्या या खेळावर उतारा म्हणजे रोकड प्रवाह पत्रक. अंदाज बदलून नफा हलवता येतो, पण यंत्रासाठी बँकेतून गेलेला पैसा तसा हलत नाही. अल्फाबेटने २०२४ मध्ये कामकाजातून १२५.३ अब्ज डॉलर रोकड मिळवली आणि ५२.५ अब्ज डॉलर भांडवली खर्चात, म्हणजे यंत्रे व इमारतींत, घातले. आदल्या वर्षी हा खर्च ३२.३ अब्ज होता. पहिल्यातून दुसरा वजा केला की हाती उरलेली रोकड मिळते, आणि तिची दिशा सलग पाच वर्षे पाहावी. या पत्रकातही दोन मेख आहेत. पहिली भाडेकरारांची: डेटा सेंटर विकत न घेता दीर्घ मुदतीने भाड्याने घेतले तर ते भांडवली खर्चाच्या ओळीत दिसत नाही, म्हणून टिपांमध्ये ‘अद्याप सुरू न झालेले भाडेकरार’ किती आहेत ते पाहावे. दुसरी समभागांच्या रूपाने दिलेल्या पगाराची. अल्फाबेटने २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांना असे सुमारे २२.८ अब्ज डॉलरचे मोल दिले. रोकड बाहेर गेली नाही म्हणून ही रक्कम रोकड प्रवाह काढताना नफ्यात पुन्हा मिळवली जाते, म्हणजे बेरजेत धरली जाते. पण नवे समभाग निघाल्याने जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो, आणि तो तसा होऊ नये म्हणून कंपनी बाजारातून स्वतःचे समभाग विकत घेते. त्या वर्षी अल्फाबेटने अशा पुनर्खरेदीवर सुमारे ६२ अब्ज डॉलर खर्च केले. पुनर्खरेदीची घोषणा झाली की टाळ्या पडतात. एकूण समभागांची संख्या खरोखर किती घटली, हे पाहिल्यावरच त्या टाळ्या किती खऱ्या ते समजते.

पुढे येऊ घातलेल्या महसुलाचा आकडाही हल्ली फार गाजतो. करार झाला आहे पण सेवा अजून दिलेली नाही, अशा शिल्लक कामाची एकूण रक्कम कंपन्या जाहीर करतात. ओरॅकलने सप्टेंबर २०२५ मध्ये हा आकडा ४५५ अब्ज डॉलर असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी तिचा समभाग सुमारे ३६ टक्क्यांनी उसळला. मे २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात ओरॅकलचा संपूर्ण महसूल ५७.४ अब्ज डॉलर होता. म्हणजे वर्षाच्या धंद्याच्या जवळपास आठपट काम हाती असल्याचे ती सांगत होती. यातील मोठा भाग चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या एकाच ग्राहकाचा असल्याच्या बातम्या लगेचच आल्या. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत: यातील किती रक्कम पुढील बारा महिन्यांत महसूल म्हणून नोंदवली जाणार आहे, हे काम पुरे करण्यासाठी कंपनीला आधी किती कर्ज काढून किती यंत्रे घ्यावी लागतील, आणि बिल भरणाऱ्या ग्राहकाकडे एवढे पैसे येणार कोठून. पहिल्याचे उत्तर टिपेत असते, दुसऱ्याचे ताळेबंदावरून काढता येते, तिसऱ्याचे मात्र बाहेर शोधावे लागते.

ग्राहक किती हातांत एकवटले आहेत हेही याच ओघात तपासावे. महसुलाच्या १० टक्के किंवा त्याहून अधिक वाटा एकाच ग्राहकाचा असेल तर ते उघड करणे कंपनीवर बंधनकारक असते. एनव्हिडियाने वित्तीय वर्ष २०२५ मध्ये १३०.५ अब्ज डॉलरच्या महसुलापैकी १२, ११ आणि ११ टक्के वाटा तीन थेट ग्राहकांचा असल्याचे सांगितले, पण नावे दिली नाहीत. येथे ‘थेट’ हा शब्द नीट वाचावा: थेट ग्राहकांमध्ये वितरक आणि सर्व्हरची जुळणी करणाऱ्या कंपन्या असतात, अंतिम वापर करणारे त्यांच्या पलीकडे असतात. देशवार आकड्यांचेही तसेच. त्याच वर्षी एनव्हिडियाच्या महसुलाचा १८ टक्के भाग सिंगापूरच्या नावे होता; पण तो बिल कोठे फाडले यावरून, आणि प्रत्यक्ष सिंगापूरला गेलेला माल २ टक्क्यांहूनही कमी होता. ही माहिती अहवालातच दिलेली आहे, फक्त तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत.

जोखमींचे प्रकरण तीस-तीस पानांचे असते आणि भूकंपापासून साथरोगापर्यंत सारे काही त्यात असते, म्हणून लोक ते सोडून देतात. ते सलग वाचू नये. यंदाचे आणि गेल्या वर्षीचे प्रकरण शेजारी ठेवून नवी वाक्ये कोणती आली तेवढीच पाहावीत. वर्षाच्या मधल्या धक्क्यांसाठी ८-के आहे. अमेरिकी सरकारने एप्रिल २०२५ मध्ये चीनसाठी बनवलेल्या एच-२० चिपला निर्यात परवाना आवश्यक केला, तेव्हा एनव्हिडियाने ८-के सादर करून सुमारे ५.५ अब्ज डॉलरपर्यंत फटका बसेल असे कळवले. तिमाही अहवालात प्रत्यक्ष आकडा ४.५ अब्ज आला.

आता बाहेरच्या वाऱ्यांकडे वळू. एका कंपनीचा खर्च हा दुसरीचा महसूल असतो, हे सूत्र या क्षेत्रात फार उपयोगी पडते: मायक्रोसॉफ्ट, अल्फाबेट, ॲमेझॉन आणि मेटा यांच्या भांडवली खर्चाचे अंदाज एकत्र मांडले की एनव्हिडियाच्या पुढच्या वर्षाची निदान दिशा तरी दिसते. त्याहूनही आधीची खूण हवी असेल तर एनव्हिडियाच्या चिप प्रत्यक्ष घडवणारी टीएसएमसी दर महिन्याच्या १० तारखेच्या आसपास आदल्या महिन्याची विक्री जाहीर करते, आणि दक्षिण कोरियाचे सीमाशुल्क खाते महिन्याच्या पहिल्या २० दिवसांची निर्यात, चिपच्या वेगळ्या आकड्यासह, तो महिना संपण्यापूर्वीच सांगते. व्याजदराचा परिणाम मात्र कंपनीच्या धंद्याआधी तिच्या भावावर होतो, कारण दूरच्या वर्षांत मिळणाऱ्या नफ्याचे आजचे मोल दर वाढले की घटते. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ पासून दर शून्याजवळून वर नेण्यास सुरुवात केली आणि त्या वर्षात तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅस्डॅक निर्देशांक सुमारे ३३ टक्क्यांनी पडला. डॉलरचे पारडे दुहेरी आहे: ॲपलची निम्म्याहून अधिक विक्री अमेरिका खंडांबाहेर होते, त्यामुळे डॉलर वधारला की तिचा महसूल आकसलेला दिसतो, पण २०१५ च्या सुरुवातीला सुमारे ६३ रुपयांचा डॉलर २०२४ अखेरीस ८५ च्या वर गेला, म्हणजे भारतीय गुंतवणूकदाराला केवळ चलनातून दरसाल सुमारे ३ टक्के मिळाले. तेवढे टक्के कंपनीच्या खात्यावर जमा धरू नयेत.

पैसे पाठवण्याचे नियम थोडक्यात असे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका वित्तीय वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांवरील गुंतवणुकीच्या रकमेवर २० टक्के कर बँक आधी कापून घेते, जो विवरणपत्र भरताना वळता होतो, मात्र तोपर्यंत पैसा अडकतो. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कर कापला जातो. समभाग २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकले तर नफ्यावर भारतात १२.५ टक्के दराने कर लागतो. अमेरिकी मालमत्ता ६०,००० डॉलरहून अधिक असताना धारकाचा मृत्यू झाला तर तेथील वारसा कर लागू शकतो, आणि ही गोष्ट घरच्यांना आधीच माहीत असायला हवी.

ज्यांना पगारासोबत समभाग मिळतात त्यांच्या बाबतीत समभाग हाती पडतात त्या दिवसाचा बाजारभाव पगारात धरला जाऊन त्यावर कर लागतो. नोकरी आणि बचत दोन्ही एकाच कंपनीवर अवलंबून राहतात, म्हणून वर सांगितलेले वाचन त्यांनी इतरांपेक्षा अधिक कठोरपणे करावे. कार्यालयातील वातावरणावरून कंपनीची प्रकृती कळते असा समज तेथे फार खोल रुजलेला असतो. हे समभाग विकले नसले, एक डॉलर लाभांशही मिळाला नसला, तरी विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या ‘शेड्युल एफए’मध्ये ते दाखवावेच लागतात, आणि तेथील आकडे एप्रिल ते मार्चचे नसून जानेवारी ते डिसेंबरचे द्यायचे असतात.